गळ्यातली थोरली

माझ्या आईच्या गळ्यात एक मेलेली बाई होती. शहरातली माणसं हे ऐकून दचकतात. आमच्याकडे त्यात दचकण्यासारखं काही नव्हतं. पहिली बायको वारली आणि नवऱ्याने दुसरी केली, की सोनाराकडून पहिलीचा चांदीचा टाक करून घ्यायचा. टाक म्हणजे बोटाच्या पेराएवढा पत्रा आणि त्यावर ठोकून काढलेली बाईची आकृती. तो काळ्या दोऱ्यात ओवून दुसरीच्या गळ्यात घालायचा, आणि मग दुसरीने जन्मभर पहिलीची मर्जी राखायची. जेवताना पहिला घास टाकाला लावायचा, नवं लुगडं आधी टाकाला दाखवायचं, पाणी पितानासुद्धा एक थेंब त्याला द्यायचा. सवत जिवंतपणी करत नाही इतका काच मेल्यावर करते, असं आमच्या आजीचं मत होतं आणि आजीचं मत म्हणजे घरातला कायदा.

त्या टाकावरची बाई म्हणजे मला जन्म देणारी. मी पालथीसुद्धा पडत नव्हते तेव्हा ती बाळंतरोगाने गेली. घरात सगळे तिला थोरली म्हणत, म्हणून मीही थोरलीच म्हणते. तिचा चेहरा मला ठाऊक नाही. टाकावर बघून कळायची सोयच नव्हती, कारण सोनाराच्या हाताखाली सगळ्या बायका सारख्याच होतात. दोन टिंबं डोळे, एक रेघ तोंड. मी जिला आई म्हणते ती थोरलीच्या मागून आली, आणि दात येताना मी तिच्या मांडीवर बसून तो टाक चावत असे, असं आजी सांगायची. जन्मदात्रीचा माझ्याशी आलेला संबंध इतकाच.

आमचं गाव चाकणच्या वाटेवर, मोशी सोडून पुढे. बाजरी आणि कांदा, दोनच पिकं. पन्नास साल उलटून गेलं होतं आणि पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहत होता. दादा, म्हणजे माझे वडील, तिथे बांधकामावर जात. सोमवारी सायकल काढली की शनिवारी अंधार पडताना परत. तिथे म्हणे जखमा बऱ्या करणारं औषध होणार होतं. दादा ते अशा थाटात सांगायचे, जणू मुकादमाने त्यांनाच विचारून कारखाना काढला. आई पदर तोंडाला लावून ऐकायची आणि शेवटी म्हणायची, "चांगलं हाय की. देवाचीच करनी." तिच्या लेखी पिंपरीचा कारखाना, इंद्रायणीचं पाणी आणि गाईचं वासरू ही सगळी एकाच हाताची करणी होती.

आई देवभोळी होती म्हणणं कमी पडेल. देवाला ती घरातलं माणूस समजायची. देव्हाऱ्यातल्या खंडोबाला हळद वाहताना तिच्या बारीकसारीक तक्रारी चालत. म्हैस आटली, आजीचे गुडघे धरले, दादांनी विडी सोडली नाही. पण खंडोबापेक्षा ती जास्त बोलायची गळ्यातल्या थोरलीशी. तिला ती "आक्का" म्हणायची. चुलीपुढे बसलेली असताना डाव्या हाताची दोन बोटं टाकावर, उजव्या हाताने भाकरी थापण्याआधी पिठाला पाणी, आणि तोंडाने आक्काला सकाळचा सगळा अहवाल. लग्न होऊन आली त्या आठवड्यातच तिने आजीला विचारलं होतं, "आत्याबाई, आक्कांना खायला काय आवडायचं?" आजी म्हणाली, अंबाडीची भाजी, लसणाची फोडणी घातलेली. तेव्हापासून दर अवसेला आमच्या घरी अंबाडी. हिरवी मिळत नसेल त्या दिवसांत सुकवून ठेवलेला पाला. पहिलं पान थोरलीचं, ते गाईला घालायचं, आणि मग आम्ही जेवायचं. आईला आंबट सोसत नव्हतं. अंबाडी खाल्ली की तिचे दात आंबायचे आणि रात्रभर छातीत जळजळायचं. पण प्रसाद म्हणून ती खायची आणि वर बोटं चाटायची.

माझ्याशी ती कशी वागायची, ते सांगितलं तर खोटं वाटेल. मला तिने कधी मारलं नाही. गावातल्या बाकीच्या पोरी आयांच्या हातचा मार खाऊन मोठ्या होत होत्या; फुंकणी, लाटणं, हाताला येईल ते. मी दुधाचं भांडं लवंडलं तरी आई फक्त म्हणायची, "ऱ्हाऊ दे, लागलं न्हाई न्हवं?" गुडघा खरचटून घरी आले तर जखम धुण्याआधी ती टाक मुठीत धरून माफी मागायची. "आक्का, नजर चुकली माजी." मला त्याचा राग यायचा. मैत्रिणीला तिची आई बदडायची आणि मग संध्याकाळी कुशीत घेऊन भात भरवायची, ते मी त्यांच्या उंबऱ्यात उभी राहून बघत असे आणि मला तिचा हेवा वाटे. मी आमच्या घरात दुसऱ्याची वस्तू होते. जपून वापरायची आणि धक्का न लावता परत करायची.

या सगळ्याच्या बदल्यात आईला एकच हवं होतं. आपलं एक मूल जगावं.

तिचा पहिला मुलगा चालायला लागायच्या आत थंडीत खोकून खोकून गेला. त्या साली गावातली अशी बरीच मुलं गेली होती, पण आजीने तेवढ्यावर ठेवलं नाही. दुखवट्याला बसलेल्या बायकांसमोर ती म्हणाली, "थोरलीला इचारलं न्हाई हिनं. आपलं पोर अंगाखांद्यावर मिरवायला लागली, ती कशाला सोशील?" आई मान खाली घालून बसली होती. मला आजही आजीचा तो आवाज आठवला की हातातलं काम बाजूला ठेवावं लागतं. पोर गेलेल्या बाईला असं बोलायला काळीज कसलं लागतं?

आईने मात्र ते खरं मानलं, आणि त्यावर उपायही स्वतःच शोधला. थोरलीचा एक विळा होता. तिच्या बापाने चाकणच्या लोहाराकडून घडवून तिला सासरी येताना दिलेला. माझी नाळ त्याच विळ्याने कापली होती. थोरली गेल्यावर मेलेल्या बाईचं हत्यार कुणी वापरायचं नाही म्हणून तो गोठ्याच्या वळचणीला खोचून ठेवला होता, म्हशीच्या शेपटीच्या वर, आणि वर्षानुवर्षं तिथेच गंजत होता. आईने हिशेब मांडला तो असा: त्या विळ्याने नाळ कापलेली पोर जगली. ती पोर आपण जपली. आता आपल्या पोराची नाळ आक्कांच्याच विळ्याने कापली म्हणजे पोर आक्कांच्या पदरात पडलं. आपल्या पदरातलं पोर कुणी मारतं का?

दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी कळा सुरू झाल्यावर तिने मला गोठ्यातून विळा आणायला लावला. सुईण म्हणाली, माझ्याकडं आहे की हत्यार. आई ऐकेना. तिने स्वतः उठून त्यावर गोमूत्र शिंपडलं, शेणाचं बोट लावलं, हळदकुंकू वाहिलं, टाक त्याला टेकवला आणि मग तो सुईणीच्या हाती दिला. मुलगी झाली. चांगली गुटगुटीत, जावळ मानेपर्यंत. पाचवी पुजली, सटवाईपुढे दिवा ठेवला, उशाला तोच विळा ठेवला. पाचवी झाली आणि बाळाने दूध ओढणं सोडलं. तोंड उघडेना. मुठी आवळून ते ताठ व्हायचं, कुणी दार वाजवलं तरी अंगाची कमान व्हायची. आई पदर भिजवून तिच्या ओठांवर पाणी सोडत राहिली आणि ते गालावरून ओघळून जात राहिलं. तिला शेताच्या बांधाला, करंजीखाली पुरलं.

दोन पावसाळ्यांनी मुलगा झाला. या खेपेला आईने काही कसूर ठेवली नव्हती. सातव्या महिन्यापासून ती एकदाच जेवायची. अवसेला अंबाडीबरोबर थोरलीच्या नावाने खण. मला नवं परकर-पोलकं, स्वतःला काही नाही. विळा तोच, पुन्हा गोमूत्र, पुन्हा शेण, पुन्हा कुंकू. आणि पुन्हा पाचवीनंतर तेच. मिटलेलं तोंड, आवळलेल्या मुठी, कमान. दादा पिंपरीहून धावत आले तोवर करंजीखाली दुसरा खड्डा बुजवून झाला होता. त्या दिवशी आई गळ्यातला टाक हातात धरून एवढंच म्हणाली, "आक्का, अजून काय करू ते तरी सांगा." तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तळेगावच्या दवाखान्यातली नर्सबाई गावात आली. देवी टोचायला. आमच्या पडवीतच पेटी उघडून बसली होती आणि पोरं भोकाड पसरत होती. आई तिला पाण्याचा तांब्या द्यायला गेली. नर्सबाईचं लक्ष तिच्या चोळीकडे गेलं. चोळी दुधाने भिजली होती.

"बाळ कुठंय?" तिने विचारलं.

"गेलं," आई म्हणाली.

नर्सबाईने हातातली सुई खाली ठेवली. "तोंड मिटलं होतं? मुठी आवळायचं? जरा आवाज झाला की ताठ व्हायचं?"

आई तिच्याकडे बघत राहिली. "तुमाला कसं ठावं?"

"नाळ कशानं कापली, बाई?"

आता मला वाटतं, हा प्रश्न तिने विचारला नसता तर बरं झालं असतं. पण तिने विचारला, आणि आईने सगळं सांगितलं. कौतुकाने सांगितलं. विळा कुणाचा, कुठे ठेवलेला, त्याला काय काय लावून पवित्र केला, काहीही लपवलं नाही. आपण किती मनोभावे केलं ते या शिकलेल्या बाईला कळावं, अशी तिची इच्छा असावी. नर्सबाई ऐकता ऐकता चिडली, आणि मग ती चिडलेलीही राहिली नाही, थकल्यासारखी दिसायला लागली.

"धनुर्वात म्हणतात त्याला," ती म्हणाली. "गोठ्यातल्या गंजक्या हत्यारातनं येतो, शेणातनं येतो. नाळेतनं पोराच्या अंगात जातो. पाण्यात उकळलेलं पातं घ्यायचं असतं. बाकी काही लावायचं नसतं, काही म्हणजे काही."

आई खांबाला धरून उभी होती. मग तिने विचारलं, "म्हंजी आक्का न्हवत्या?"

नर्सबाईला अर्थातच काही समजलं नाही. तिने पुढच्या पोराचा दंड धरला.

माणसाला वेडंबिडं व्हायला खरं तर एवढं पुरे आहे. आई वेडी झाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तो विळा वळचणीतून काढला, दगडावर घासून घासून त्याची धार काढली आणि तो घेऊन बांधाला गवत कापायला गेली. आजीने कपाळ बडवून घेतलं. मेलेल्या बाईचं हत्यार, घराचं वाटोळं करायला निघाली. आईने गवताचा भारा दारात टाकला आणि म्हणाली, "वाटुळं झालं की, आत्याबाई. आता म्हशीला तर खाऊ दे." सासूला उलट बोलल्याचं मी तिच्या तोंडून ऐकलं ते तेवढंच.

टाक तिने काढला नाही. अवसेची अंबाडीही बंद केली नाही. फक्त आक्काशी बोलणं बदललं. मागणं संपलं. मी चुलीपाशी अभ्यासाची पाटी घेऊन बसलेली असले की ऐकू यायचं, "आक्का, तुमाला उगा बोल लावला. तुमी कुनाचं काय केलं व्हतं?" देव्हाऱ्यात दिवा ती आधीसारखाच लावायची, वात ओढायची, तेल बघायची. हात मात्र जोडत नसे. दिवा लावून झाला की पदराला हात पुसून उठायची. ज्या देवाला ती घरातलं माणूस समजली होती, त्याच्याशी तिने भांडणसुद्धा केलं नाही. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

आणि त्याच दिवसांत तिने मला मारलं. कारण साधं होतं. मी कांद्याच्या वाफ्यातून पळत गेले आणि नुकती लावलेली रोपं तुडवली. तिने मला दंडाला धरून ओढलं आणि पाठीत दोन धपाटे घातले, चांगले जोराचे. मग तिच्याच लक्षात आलं काय केलं ते. सवयीने हात टाकाकडे गेला, पण अर्ध्यावरून परत आला. माफी मागितलीच नाही. तिथेच वाफ्याच्या कडेला बसून तिने मला मांडीवर ओढलं, एवढी घोडी झालेली मी, आणि माझ्या केसांत तोंड खुपसून रडली. माझी पाठ चुरचुरत होती आणि मला इतका आनंद झाला होता की तो कुणाला सांगायचा हे समजत नव्हतं. मला मारणारी आई मिळाली होती. तो आनंद मला एक उन्हाळा आणि अर्धा पावसाळा पुरला.

भाद्रपदात तिला ताप आला. थंडी वाजून यायचा, उतरायचा, पुन्हा यायचा. दादांनी बैलगाडीतून तळेगावला नेलं, औषध आणलं, थोडं बरं वाटलं, पुन्हा पडली. अंगात काही उरलंच नव्हतं आणि जगायची घाईही उरली नव्हती. माझं स्पष्ट मत आहे की ती तापाने गेली नाही. तिने जे जे श्रद्धेने केलं त्याखाली तिची दोन मुलं पुरलेली होती, आणि ते कळल्यानंतर ती फक्त कामं उरकत होती.

शेवटी पडवीत तिची घोंगडी अंथरली होती. आजी पायाशी, दादा उशाशी, मी तिचा हात धरून. तिने स्वतःच गळ्यातला दोरा चाचपला आणि दादांना म्हणाली, "तुमी दुसरी करशीला. करा. पोरीला कोन हाय. पन माजा टाक करू नका."

दादा रडायला लागले.

"ऐका माजं. मला कुनाच्या गळ्यात घालू नका. ती नवी पोर असंल, भेल मला. मी जल्मभर भ्याले. आक्कांनी काय केलं न्हवतं तरी भ्याले. माजं भ्या कुनाला नगो."

दादा "व्हय, व्हय" म्हणाले. आजी तिचे पाय चोळत राहिली. आईने मग माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असेल, ही लक्षात ठेवील. मी लक्षात ठेवलं आहे. त्याचा उपयोग काय झाला ते सांगते.

वर्षाच्या आत दादांचं लग्न ठरलं. आजीने सोनाराला बोलावणं धाडलं. मी आडवी आले, आईने काय सांगितलं होतं ते शब्दाला शब्द बोलून दाखवलं. आजी म्हणाली, "मरताना मानूस काय बी बोलतं. सुवाशीन गेली, तिचा टाक न्हाई केला तर घर खाईल ती." मी दादांकडे वळले. ते सायकल उलटी करून चेनला तेल देत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. ते वाईट नव्हते. पिंपरीहून दमून यायचे आणि आजीपुढे बोलायची त्यांची हिंमत लहानपणापासूनच नव्हती. सोनाराने दुसरा टाक केला. दोन टिंबं डोळे, एक रेघ तोंड. पहिल्या टाकाशेजारी ठेवला तर वेगळा ओळखू येईना.

नवी आली ती माझ्याहून फार तर सात-आठ वर्षांनी मोठी असेल. तळेगावच्या बाजूची, बारीक, मोठ्या डोळ्यांची. गळ्यात दोन टाक, आणि चालताना ते एकमेकांवर वाजायचे. ती त्यांना हाताने धरून चालायची, आवाज होऊ नये म्हणून. वाकून पाणी भरताना, चुलीत फुंकर घालताना, एक हात गळ्याशी. मला तिच्याकडे बघवत नसे.

पहिली अवस आली. तिने केळीची दोन पानं मांडली आणि मला हळूच आत बोलावलं.

"थोरल्यांना अंबाडी, ते आत्याबाईंनी सांगितलं," ती म्हणाली. "धाकल्यांना काय आवडायचं? तुमाला ठावं आसंल."

मी तोंड उघडलं आणि मला काही आठवेना. मी तिथेच उभी राहून खूप आठवलं. आई सगळ्यांत शेवटी जेवायची. तव्यावरची मोडकी भाकरी, कालवणाच्या भांड्याला पुसून घेतलेला घास, आम्ही टाकलेलं. दादांना तिखट लागायचं, आजीला मऊ, मला गोड, आक्काला आंबट, हे सगळं तिला पाठ होतं आणि तिने सांगितल्यामुळे मलाही. पण "मला हे आवडतं" असं तिच्या तोंडून मी ऐकलंच नव्हतं. आम्ही कुणी विचारलं नव्हतं. मी बाहेर जाऊन दादांना विचारलं. त्यांनी विडीची राख अंगणात झाडली. मग म्हणाले, "काय की गं."

आतून आजीने ओरडून सांगितलं, "अंबाडीच वाढ की दोघींना. ती बी तेच खायची."

नवीने दोन्ही पानांवर अंबाडी वाढली. एकेक घास दोन्ही टाकांना लावला. मग डोळे घट्ट मिटून, दोन्ही टाक मुठीत धरून ती पुटपुटायला लागली. मी अगदी जवळ उभी होते, म्हणून मला ऐकू आलं. "बाई, माज्यावर कोपू नका," ती म्हणत होती. "तुमच्या पोरीला मी फुलावानी जपीन."